कोऱ्या पातळाची गोधडी

विमल, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुसरं काही सुचत नाही. गेल्या काही दिवसांत तुझ्याविषयी इतकं गोड ऐकलं की कान किटले. "फार सोशिक हो," "कधी कुणाला उलटून बोलली नाही," असं बालीगंजातल्या आपल्या मराठी घरांतल्या बायका डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या आणि मी मनात म्हणत होते, या बोलताहेत तरी कुणाबद्दल? मी कलकत्त्यात जन्मलेली, इथेच वाढलेली. बोलता बोलता बंगाल्यांसारखं "पाणी खाते" असं तोंडून गेलं की तू भर हळदीकुंकवात म्हणायचीस, "सुधे, सावकाश चाव, दाताखाली यायचं." चारचौघींत माझी अशी फजिती करणारी बाई सोशिक असेल, तर मग मी जन्माची मुकी आहे.

तुला असं देवी करून टाकलेलं मला सहन होत नाही. त्या बोलायला लागल्या की तू माझ्या ओळखीची उरत नाहीस. माझ्या ओळखीची विमल वाद घालणारी होती, हट्टी होती, आणि आपला एक वाद तर अजून मिटलेलाही नाही. मागच्या हिवाळ्यात बजबजला जो सुरू झाला तो. तेवढाच माझ्याजवळ उरलाय असं वाटतं, म्हणून मी तो सोडत नाही.

बजबजला जायची कल्पना तुझी. पौषातली गोष्ट. तू खालच्या मजल्यावरून जिना चढून आलीस, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुझ्याकडे जुनेरांची दोन बोचकी पडली आहेत. गोधडी शिवायची का?" मी म्हटलं, शिवू, पण पसरायची कुठे? आपल्या दोघींच्या घरांत मिळून एक गोधडी पसरेल एवढी मोकळी जमीन नव्हती. मेजाखाली अर्धी, पलंगाखाली अर्धी, अशी का ती शिवता येते? मग मीच शाळेत नीलिमादीपाशी रडगाणं गायले. नीलिमादी आमच्या शाळेत भूगोल शिकवते. तिचा दीर बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये, नदीकाठी त्याला मिलचं घर, आणि नेमका तो बायकामुलांना घेऊन रजेवर गेलेला. घर रिकामं, किल्ली नीलिमादीकडे. व्हरांडा एवढा लांब की चार गोधड्या शेजारी शेजारी मावतील, असं ती म्हणाली. मी घरी येऊन तुला हे सांगितलं, आणि नीलिमादीला घेऊन शनिवारी सकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी परतायचं, असं तू तिथल्या तिथे ठरवून मोकळी झालीस.

भाऊसाहेबांना ते पटेना. तुझ्या नवऱ्याचा आवाज मुळात खालचा, पण त्या दिवशी जिन्यापर्यंत आला. "गोधडीसाठी दोन दिवस?" तू शांतपणे म्हणालीस, "इथे पसरायला जागा नाही." ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून माहेर आणि बाळंतपणं-आजारपणं सोडून तू एक रात्रही घराबाहेर काढली नव्हतीस, हे तू मला नंतर गाडीत सांगितलंस. शेजारच्या मंदाताईंना कळल्यावर त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "मी येते. नाहीतर तुम्ही पोरी टाके घालता घालता उपाशी मराल." आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, बँकेतल्या नवऱ्याबरोबर पाच गावं फिरलेल्या. कुठेही निघाल्या की आधी दशम्या करतात आणि मग पिशवी भरतात.

बालीगंजला गाडीत बसलो तेव्हा चौघींच्या मांडीवर सामानाची आणि जुन्या कपड्यांची बोचकी होती. समोरच्या बाईनं आपल्याकडे पाहिलं, सरकून जागा केली आणि हळूच विचारलं, कुठून आलात? तिला वाटलं, आपण पलीकडच्या बंगालातून बोचकी घेऊन निघालेल्या आहोत. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत तशी माणसं रोज दिसत. तू तुझ्या मोडक्या बंगालीत "बालीगंज" म्हणालीस आणि हसलीस. नीलिमादी मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. ती खरोखरच तिकडून आलेली होती, बारिसालहून, असंच एक बोचकं घेऊन. हे तुझ्या लक्षात आलं. तू हसायची थांबलीस, आणि नंतर बजबज येईपर्यंत तिला कांथ्याचे, म्हणजे त्यांच्या बंगाली गोधडीचे, टाके कसे घालतात ते विचारत बसलीस. तिला बोलतं करायला तेवढं पुरलं.

ते घर आठवतं ना? लाल गुळगुळीत जमीन, समोर पायऱ्या, पायऱ्यांपाशी गंगा. डावीकडे तेलाच्या टाक्या, उजवीकडे मिल, आणि हवेला ओल्या तागाचा वास. मिलचा भोंगा झाला की मंदाताई दचकायच्या आणि बोटात सुई टोचून घ्यायच्या. आपण पोचल्या पोचल्या व्हरांडा झाडला, पुसला, आणि मी माझी बोचकी सोडली. सर्वांत खाली सासूबाईंचं लुगडं, त्यावर आमच्या ह्यांची दोन धोतरं, मग माझी विरलेली पातळं. एकेक थर अंथरून, हातानं सपाट करून, कोपऱ्यांवर दारापाशी पडलेल्या विटा ठेवल्या. चार बाजूंना चौघी बसायचं आणि आपापल्या बाजूकडून मध्यापर्यंत टाके घालत यायचं, असं ठरलं होतं. वरचा थर टाकायचा तेवढा राहिला होता.

तेव्हा तू तुझ्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पातळ काढलंस. हिरवं इरकली, काठ लाल. दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट.

"हे मधल्या थरात घालू," तू म्हणालीस.

मंदाताई म्हणाल्या, "अगं, कोऱ्या पातळाची कुणी गोधडी करतं का? आत्ता आत्तापर्यंत वारभर कापडासाठी रांगा लावल्यात आपण, आणि तू हे—" आणि मध्येच थांबल्या. त्यांना आठवलं. "चहाचं बघते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मला तर कागद उलगडताच कळलं होतं. आदल्या वर्षी तुला दिवस होते. तुझ्या आईंनी सांगलीहून पार्सलनं ते पातळ पाठवलं होतं, डोहाळजेवणाला नेसायला. नव्या कपड्याला हळदीकुंकू लावूनच तो द्यायचा, तसं त्यांनी कोपऱ्याला बोट टेकवलं होतं. पार्सल आलं त्या दिवशी तू ते वर आणून मला दाखवलंस. आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. डोहाळजेवण झालंच नाही. तू दवाखान्यातून घरी आलीस, दोनेक महिन्यांनी परत जिना चढायला लागलीस, माझ्या मराठीला हसायलाही लागलीस, पण त्या मुलाविषयी तू कधी एक शब्द काढला नाहीस. मग आम्हीही काढला नाही.

आणि आता ते पातळ घेऊन तू माझ्यासमोर बसली होतीस. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "कोरं आहे. आटेल."

"आटू दे."

"आटू दे काय? पहिल्या धुण्यात मधला थर आखडला की वरखालच्या जुन्या कापडाला चुण्या पडतील. सगळी गोधडी गोळा होऊन बसेल."

"पडू देत चुण्या."

"गोधडी माझी आहे, विमल."

"म्हणूनच तर," तू म्हणालीस.

नीलिमादीला यातलं काही माहीत नव्हतं. ती बिचारी शहाणपणाचं बोलली. "आगे धुये नाओ ना," म्हणजे आधी धुऊन घे ना. नदी समोर आहे, ऊन आहे, दुपारपर्यंत वाळेल, जे आटायचं ते आटेल आणि मग शिवू. इतकं सरळ उत्तर होतं. तू मान हलवलीस. "केनो?" का म्हणून, असं तिनं विचारलं. तू त्या कोपऱ्यावरच्या हळदीकुंकवावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "हे जाईल." नीलिमादीला आपली रीत ठाऊक नसेल, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मी मात्र सोडलं नाही. हे तुला पुरतं माहीत आहे. मी म्हटलं, माझ्या दोन्ही पोरी लहान आहेत, गोधडी म्हणजे ती ओली होणार, दूध सांडणार, धुवावी लागणारच. मग ते बोट तेव्हाही जाणारच आहे, तर आत्ता धुतलं काय आणि नंतर धुतलं काय? तू म्हणालीस, नंतर धू, पण मी धुणार नाही. मी म्हटलं, मग तुझ्या घरच्या गोधडीत घाल. तेव्हा तू जमिनीकडे बघत म्हणालीस, "माझ्या ट्रंकेत ते कितीही खाली घातलं तरी ट्रंक उघडली की वर येतं. तुझ्याकडे पोरी लोळतील त्याच्यावर. वापरलं जाईल."

त्यावर मला काही बोलता आलं असतं. इतर बायका गळ्यात पडल्या असत्या. मी म्हणाले, "बरं. पण घडी सारखी घाल, एका बाजूला जाड व्हायला नको." आणि आपण दोघींनी मिळून ते चौपदरी करून मध्ये अंथरलं. गेले काही दिवस मला आडून आडून सांगण्यात येतंय की बायकांनी मन मोकळं करावं, मनात ठेवून ठेवून माणूस खंगतो. खंगत असेल. पण विमल, आपण त्या दिवशी कापडावर भांडलो आणि कापडावरच थांबलो, हे मला अजूनही चुकलंसं वाटत नाही. तुला जे करायचं होतं ते झालं आणि तुला कुणापुढे रडावं लागलं नाही.

मग आपण जे शिवायला बसलो! मंदाताईंचे टाके ढांगा टाकत निघाले आणि नीलिमादीचे इतके बारीक की रविवारपर्यंत ती एक वीतभर पुढे सरकेल असं वाटेना. तू सारखी मान वर करून सगळ्यांची प्रगती बघत होतीस आणि स्वतःचं सोडून दुसऱ्यांच्या चुका काढत होतीस. कोरा थर आला की सुई अडायची. मी मुद्दाम मोठ्यानं कण्हायचे आणि तू मुद्दाम ऐकलं नाही असं करायचीस. नीलिमादीनं बाजारातून खजुराचा नवा गूळ आणला होता. मंदाताईंनी दशमीबरोबर तो खाल्ला आणि आपल्या गुळाला नावं ठेवली, हे त्यांच्या नवऱ्याला सांगायचं नाही असं आपल्याकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी तू पायऱ्यांवर जाऊन बसलीस, पाय पाण्यात सोडून. भरती येत होती, पाणी एकेक पायरी चढत होतं, आणि तू दर वेळी एक पायरी वर सरकत होतीस. मी म्हटलं, गार पाणी आहे, उठ. तू म्हणालीस, "सुधे, इथे मला कुणी काही मागत नाहीये. किती बरं वाटतंय." मी तुझ्याशेजारी बसले. आपण तिथे बसून काहीच बोललो नाही, आणि माझ्यासारख्या बाईला तेही जमलं, याचं श्रेय तुला. ते दोन दिवस तू मला दिलेस. माझ्या मनात असं कुठे जायचं कधी आलंही नसतं.

गोधडी रविवारी दुपारी पुरी झाली. ती माझ्या घरी आली, पोरींच्या अंथरुणावर गेली आणि उरलेली थंडी त्यांनी तिच्यावर लोळून काढली. मी ती धुतली नाही. उन्हात घातली, झटकली, डाग पडला तर तेवढाच ओल्या फडक्यानं पुसला. तू वर आलीस की विचारायचीस, "आटली का गं?" मी म्हणायचे, "धुतलीच नाही." "घाबरतेस." "मी कशाला घाबरू? मी बरोबर ठरेन म्हणून तूच घाबरतेस." उन्हाळा गेला, पाऊस गेला, पूजा झाली, दिवाळी झाली, आपलं हे चालूच. येत्या पौषात परत बजबजला जायचं, या खेपेला तुझी गोधडी करायची, हे ठरलेलं होतं.

मग तुला ताप आला. त्याविषयी मी लिहिणार नाही. डॉक्टर येत होते, जात होते, आणि मी तुझ्या उशाशी बसून शाळेतल्या गमती सांगत होते. तू शुद्धीवर होतीस तेव्हा शेवटचं माझ्याशी बोललीस ते एवढंच, "पांघरुणं उन्हात घातलीस का? थंडी येतेय." मी म्हणाले, "आधी बरी हो, मग बघू." मला वाटलं, आपल्याला वेळ आहे.

तुझ्या आई आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. सांगलीहून कलकत्ता म्हणजे किती गाड्या बदलायच्या आणि किती रात्री काढायच्या. तार मिळताच निघूनही त्यांना तू दिसली नाहीस. ठेंगण्या, ताठ. तुझा हट्टीपणा कुठून आला ते मला दारातच कळलं. त्या रडल्या नाहीत. आल्या त्या तुझ्या स्वयंपाकघरात गेल्या आणि डबे पुसायला लागल्या.

दिवस झाल्यावर भाऊसाहेबांनी तुझी ट्रंक त्यांच्यापुढे उघडली आणि म्हणाले, तुम्हाला आठवण म्हणून हवं ते न्या. त्या म्हणाल्या, "मला ते हिरवं पातळ तेवढं द्या. मी पाठवलेलं." भाऊसाहेबांनी ट्रंक उपसली, कपाट उपसलं. बायकोची पातळं नवऱ्याला कुठली ओळखू येतात? शेवटी ते वर माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. "तुम्हाला काही कल्पना आहे का? त्या दुसरं काही घ्यायलाच तयार नाहीत."

मी हातातलं टाकून खाली गेले. तुझ्या आई उघड्या ट्रंकेपाशी बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या विचारतील. त्या स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागल्या. "टाकून दिलं असेल तिनं. टाकणारच. मी घाई केली ना. सातवा लागायच्या आत पाठवू नये, माझी जाऊ सांगत होती. पण पार्सल पोचायला वेळ लागतो, वेळेत मिळालं नाही तर पोर हिरमुसेल, म्हणून मी आधीच पाठवलं. माझ्याच हातानं दृष्ट लागली. तिलाही तेच वाटलं असणार. त्यानंतरच्या एकाही पत्रात तिनं त्या पातळाचं नाव काढलं नाही."

विमल, तुला हे माहीत होतं का? तुझी आई एवढं ओझं घेऊन सांगलीत दिवस काढत होती हे तुला कळलं असतं तर तू दोन ओळी लिहिल्या असत्यास, याबद्दल मला शंका नाही. तुला वाटलं असेल, तिला आठवण नको करून द्यायला. आणि तिला वाटलं, पोर रागावली. तुम्ही दोघी मायलेकी एकमेकींना जपत राहिलात, आणि तू गेलीस.

मी वर गेले. धाकटी गोधडीवर बसून बाहुलीला जेवू घालत होती. तिला उचलून बाजूला ठेवलं, गोधडी ओढून काढली आणि ती खाली नेऊन तुझ्या आईंच्या मांडीवर ठेवली.

"काकू, ते पातळ यात आहे."

"यात? कोरं पातळ गोधडीत?" त्याही तेच म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. ती नदी, तो व्हरांडा, आमचं भांडण. आधी धुऊन घेऊ म्हटलं तर तू नाही म्हणालीस, कारण त्यांनी लावलेलं बोट जाईल. पोरी लोळतील, वापरलं जाईल म्हणालीस. मी म्हटलं, "ती तुमच्यावर रागावलेली असती तर तिनं ते एवढं जपलं नसतं, काकू. कुणाला तरी देऊन मोकळी झाली असती."

त्या गोधडीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं. "माझ्याविषयी काही म्हणाली होती का?"

खोटं बोलायला ती जागा फार सोपी होती. माझ्या ओठांवर दोन-तीन वाक्यं तयारही झाली. पण तुझ्या नावावर मी खोटं बोलले असते तर तू मला सोडलं नसतंस. मी म्हणाले, "नाही. तुमच्याविषयी काहीच म्हणाली नाही. फक्त ते बोट जाऊ द्यायला तयार झाली नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "कात्री आण. मला बघायचंय."

खरं सांगते, मला ते आवडलं नाही. तू एवढा हट्ट करून आत घातलेलं, चौघींनी दोन दिवस खपून शिवलेलं. तू असतीस तर कात्री लपवून ठेवली असतीस. पण ज्या बाईला मुलीचं तोंड बघायला मिळालं नाही, तिला पातळ तरी बघू दे, असं म्हणून मी कात्री आणली. तुझ्या घराच्या जमिनीवर, मेज भिंतीला सरकवून, आम्ही दोघी गोधडी घेऊन बसलो. ती मेज सरकवूनही पुरती पसरली नाहीच. मंदाताईंची बाजू त्यांनी सटासट उसवली. "हे कुणाचे टाके? एवढ्या ढांगा कुणाच्या?" म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. नीलिमादीच्या बाजूनं जीव खाल्ला. माझी बाजू मीच उसवली. दुपार कलली तेव्हा वरचा थर उचलता आला.

हिरवा रंग तसाच होता. सुईच्या भोकांनी मात्र चाळण झालेली. त्यांनी तो कोपरा शोधला. बोट होतं, जरा फिकट, पण होतं. तुझ्या आईंनी त्यावर तळवा ठेवला आणि त्या रडल्या. किती तरी वेळ. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडले. तुझ्या त्या मुलासाठी मी आजवर रडले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मग डोळे पुसून त्या चौथ्या बाजूकडे वळल्या. कात्री उघडली, पहिल्या टाक्यापाशी नेली आणि तिथेच थांबल्या.

"ही तिची ना?"

"हो. कसं ओळखलंत?"

"दर चार बोटांवर एक उलटा टाका आहे बघ. लहानपणी तिचे दोरे निसटायचे, म्हणून मी तसं घालायला लावलं होतं." त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दोन दिवस तुझ्याशेजारी बसून शिवत होते, तुझ्या बाजूवर टीका करत होते, आणि मला ते टाके कधी दिसले नव्हते. त्यांनी कात्री मिटली आणि खाली ठेवली. "राहू दे. हे नाही उसवायचं."

ती बाजू उसवल्याशिवाय पातळ निघत नव्हतं. हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी वरचा थर पुन्हा पांघरला आणि नीट केला. "पोरी वापरतात ना तुझ्या? मग शिव परत."

मी तेवढ्यातही आपलं टुमणं सोडलं नाही. म्हटलं, "काकू, धुतली की मात्र आटणार बरं का. कोरं आहे ते."

"आटू दे," तुझी आई म्हणाली. तोच सूर, तीच वर उचललेली हनुवटी. मला एकदम हसू फुटलं. दुखवट्याच्या घरात मी तोंडावर पदर धरून हसत होते, भाऊसाहेब दारातून बघत होते, आणि ते हसू कधी रडण्यात गेलं ते मलाच कळलं नाही.

त्या गेल्या रविवारी परत गेल्या. तुझ्या ट्रंकेतलं काहीही नेलं नाही. स्टेशनवर गाडी सुटताना मला म्हणाल्या, "तिनं टाकलं नव्हतं." विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. भाऊसाहेबांनी बदली मागितली आहे. होळीपर्यंत खालच्या मजल्यावर दुसरं कुणी राहायला येईल, आणि मी त्यांच्याशी ओळख करून घेणार नाही, असं सध्या तरी ठरवलं आहे.

नीलिमादीनं परवा शाळेत विचारलं, घर पुन्हा रिकामं आहे, जायचं का? मंदाताई आधी चिडल्या. "तिच्याशिवाय कसलं जाणं," म्हणाल्या. आज सकाळी त्यांच्या घरून पोहे भाजल्याचा वास आला, म्हणजे चिवडा होतोय, म्हणजे त्या येणार. मला जावंसं वाटत नाही आणि न जाणंही शक्य नाही, कारण गोधडी तीन बाजूंनी उघडी पडली आहे आणि धाकटी रोज तिच्यासाठी रडते.

शनिवारी त्या लाल जमिनीवर ती पसरू. मंदाताई त्यांच्या बाजूला बसतील, नीलिमादी तिच्या, मी माझ्या. चौथ्या बाजूला कुणी बसायचं नाही. तिथलं शिवून झालेलं आहे.